कार्डावरचा डाव

आमच्या घराची ओसरी रोज तीन तास सरकारची असायची. झरीपासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथलं पोस्ट म्हणजे आमची ओसरी, तिच्यातलं एक टेबल, टेबलाचा एकच खण, एक शिक्का आणि बाहेरच्या भिंतीवरची लाल पेटी. वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. सकाळी शेतातून आले की ते हातपाय धुवायचे, टोपी घालायचे आणि शाखा डाकपाल व्हायचे. टोपी घातल्यावर ते आपले वडील राहत नाहीत असं मला खरंच वाटायचं, कारण त्या वेळात 'अण्णा' म्हणून हाक मारली तर ते मान वर करत नसत.

झरीहून सायकलवर टपालाचा थैला यायचा. अण्णा सील तोडायचे, पत्रं मोजून टेबलावर ठेवायचे आणि त्यांच्यावर त्या दिवसाचा शिक्का मारायचं काम मी करायचे. कायद्यानं ते त्यांचं काम, पण माझा शिक्का त्यांच्यापेक्षा स्वच्छ उठायचा. मी तेव्हा बारा वर्षांची, सातवीत. गावात कुणाची सून कुठून आली, कुणाचा मुलगा औरंगाबादेत नापास झाला, हे मला सगळ्यांच्या आधी कळायचं आणि मी ते कुणाला सांगायचे नाही. अण्णांची ताकीदच तशी होती. आलेलं टपाल ज्याचं त्याला, आजचं आज. एकदा भर उन्हाळ्यात एका म्हातारीचं कार्ड घेऊन ते तिच्या शेतापर्यंत चालत गेले, कारण ती रात्री तिकडंच राहणार होती. कार्डात फक्त खुशाली होती.

बुद्धिबळ मला मायनं शिकवलं. हे सांगितलं की लोक माझ्याकडं जरा निरखून पाहतात. तिचे वडील निजामाच्या काळात पटवारी होते, कचेरीतली माणसं दुपारी पट मांडायची, आणि पाणी द्यायच्या निमित्तानं ती तिथं उभी राहून डाव पाहायची. लग्न होऊन आली तेव्हा भांड्यांच्या टोपल्यात तिनं कापडी पट आणि लाकडी मोहरे दडवून आणले. वजिराला ती फर्जी म्हणायची. तिच्या नियमात प्यादं कायम एकच घर चालायचं, आणि राजाला एकदा, फक्त एकदाच, घोड्यासारखं अडीच घर उडता यायचं. मात्र तोवर त्याला एकही शह बसलेला नसला पाहिजे. जगात दुसरे नियम असतील असं आम्हा दोघींना कधी वाटलं नाही. अण्णांना डाव येत नव्हता. बसून खेळणं हे त्यांच्या लेखी रिकामपणाचं काम.

एका साप्ताहिकात मुलांच्या पानावर पत्रमैत्रीची यादी यायची. पहिलं नाव, इयत्ता, छंद आणि पत्ता, एवढंच. छंद बहुतेकांचे ठरलेले, वाचन नाहीतर तिकिटं जमवणं. अठ्ठ्याहत्तर सालच्या संक्रांतीनंतरच्या एका अंकात एका मुलीच्या नावापुढं बुद्धिबळ लिहिलेलं दिसलं. आठवीतली मुलगी, गाव चारठाण्याच्या पलीकडचं, पत्ता शाळेतल्या गुरुजींच्या मार्फत. म्हणजे आमच्याच जिल्ह्यातली. मी त्याच दिवशी कार्ड लिहिलं. ओळख वगैरे काही नाही. पटाला उभी अक्षरं आणि आडवे आकडे कसे द्यायचे ते लिहिलं आणि खाली माझी पहिली चाल. आता आठवलं की हसू येतं, पण मला तेव्हा धीर म्हणून नव्हता.

नवव्या दिवशी उत्तर आलं. तिनं चाल केली होती, आणि कार्डाच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात, लिहिलं होतं की तिच्या वर्गात कुणालाच डाव येत नाही, ती गुरुजींशी खेळते आणि गुरुजी हरले की तिला गणितं घालतात. मी ते मायला वाचून दाखवलं. पट आम्ही धान्याच्या कोठीवर मांडून ठेवला आणि लहान भावाला कोठीजवळ फिरकायची बंदी केली. माय झाडताना कोठीला हात लागू देत नसे.

पाचव्या-सहाव्या चालीला भांडण झालं. मी राजा उडवला. ती लिहिते, राजा घोडा कधीपासून झाला? मी चिडून लिहिलं, आमच्याकडं होतो. पुढच्या कार्डात तिनं राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला कोपऱ्यात आडोशाला बसवलं, त्याला त्यांच्या शाळेत किल्ला म्हणत. मायनं ते पाहून कपाळाला हात लावला. एका चालीत दोन मोहरे, ही शुद्ध लबाडी. महिनाभर चाली थांबल्या आणि नुसती भांडणाची कार्डं गेली-आली. शेवटी तिनंच तोड काढली. तुझा राजा तुझ्या घरच्या रीतीनं उडू दे, माझा माझ्या शाळेच्या रीतीनं किल्ल्यात बसू दे, बाकी सगळं सारखं. माय म्हणाली, पोरगी शहाणी हाय. माझ्याबद्दल असं ती क्वचितच म्हणायची, त्यामुळे मला जरा लागलं.

त्यानंतर डाव असा रंगला की मी गुरुवार-शुक्रवार मोजत जगायला लागले. चालीपेक्षा कडेच्या ओळी मला जास्त हव्याशा वाटायच्या. शेळी व्याली, दोन करडं झाली. गुरुजींनी नवा फळा रंगवला. एकदा लिहिलं, पाण्याला लांब जावं लागतं म्हणून चालीला उशीर झाला. मी शहाणीसारखं विचारलं, तुमच्या गावात आड नाही का? याचं उत्तर तिनं दिलं नाही. त्या कार्डात कडेला काहीच नव्हतं, फक्त तिनं माझा हत्ती मारला होता. ती का गप्प बसली हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ते आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

जूनमध्ये अण्णांचं लक्ष गेलं. तोवर माझी कार्डं म्हणजे पोरीबाळींच्या गप्पा एवढंच त्यांना वाटत होतं. एके दिवशी त्यांनी कार्ड हातात घेऊन नीट वाचलं, 'घो ग५, उं वर डोळा ठेव', आणि त्यांचा चेहरा बदलला. मायनं त्यांना कोठीजवळ नेलं, घोडा दाखवला, घर दाखवलं, अक्षर-आकडा कसा लावायचा ते सांगितलं. त्यांना ते कळलंही. पण त्यांची अडचण डावाची नव्हतीच.

"खेळ हाय ते कळलं मला," ते म्हणाले. "पन पल्याड कोन हाय? कार्डावर कुनीबी कायबी लिवतंय. मुलगीच हाय कशावरून? तू पाह्यलीस का तिला?"

मी तिला पाहिलं नव्हतं. रागानं मी एवढंच म्हणाले की मला माहीत आहे.

हल्ली शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून परभणीतल्या शाळांत मला पालकसभांना बोलावतात. विषय एकच, मुलं मोबाईलवर खेळतात ते खेळ. मला त्यातलं काही येत नव्हतं, नातवानं शेजारी बसवून शिकवलं. त्या खेळांत अनोळखी मुलं एकमेकांशी बोलतात, टोळ्या करतात, भांडतात आणि पुन्हा एकत्र येतात. त्यांत मोठी माणसंही मुलं असल्याचं भासवून शिरतात, आणि त्याची धास्ती खरी आहे, मी ती कमी करून सांगत नाही. घरचा पत्ता, शाळा, फोटो द्यायचा नाही, कुणी एकटं बोलूया म्हणालं की आईबापांना सांगायचं, हे मी मुलांकडून घोकून घेते. पण पालकांना माझ्याकडून एकच ऐकायचं असतं, मोबाईल काढून घ्या. ते मी म्हणत नाही म्हणून काहीजण नाराज होतात. मी म्हणते, आधी शेजारी बसा. कुणाशी खेळतो, काय बोलतो, विचारा. परवा एका बाईंनी उठून विचारलं की पलीकडं कोण आहे हे आम्हाला कळणार कसं. अगदी अण्णांचाच प्रश्न. मी माईक खाली ठेवून पाणी प्यायले. लोकांना वाटलं, बाईंचा घसा बसला.

तर अण्णांनी त्या वेळी कार्डं बंद केली नाहीत. मला वाटलं, जिंकले. जुलै असाच गेला. डाव माझ्या बाजूनं झुकायला लागला होता.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला आणि आमच्या भागातले दिवस बिघडले. आम्हा मुलांना कुणी काही सांगत नसे. एसटी बंद पडली, थैला चार दिवस आला नाही, शाळेला सुट्टी दिली. पारावर माणसं जमायची आणि मी जवळून गेले की बोलणं तोडायची. पलीकडच्या कुठल्या गावात गावकुसाबाहेरची वस्ती जाळल्याचं मी मायच्या तोंडून ऐकलं, तेही ती शेजारणीशी बोलत होती म्हणून. जळलेली वस्ती म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मला माझ्या कार्डाची काळजी होती. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

थैला परत यायला लागला, कार्ड मात्र येईना. त्याच सुमारास अण्णांनी शिक्क्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं. म्हणाले, शाळा बुडतीय, अभ्यास कर. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. ज्या माणसानं कुणाचं खुशालीचं कार्डही एक रात्र घरात ठेवलं नाही, त्याच्यावर संशय घ्यायचा हे माझ्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. संशय मी तिच्यावर घेतला. तीन आठवडे झाले, उत्तर नाही, म्हणजे हरायला लागली म्हणून पळाली. माझा राग नाकावर असतो, तेव्हाही तसाच होता. मी कार्ड लिहिलं. त्यात चाल नव्हतीच. 'हरायला लागलीस म्हणून तोंड लपवलंस ना? तुझ्याशी डाव मांडला हीच माझी चूक.' एवढंच. आणि नेऊन लाल पेटीत टाकलं.

पोळा झाल्यावर परभणीहून डाक निरीक्षक तपासणीला आले. दरवर्षी यायचे. वह्या पाहायचे, शिक्का पाहायचे, आमच्याकडं जेवायचे आणि दुपारच्या गाडीला झरीला जायचे. त्या दिवशी मी दाराच्या आड उभी होते, कारण पाहुण्यांना पाणी द्यायचं काम माझं. वह्या झाल्यावर त्यांनी टेबलाचा खण पूर्ण बाहेर ओढला. खणाच्या तळाशी कागद अंथरलेला असायचा. त्यांनी तो उचलला. खाली दोन कार्डं आणि एक चिठ्ठी होती.

कार्डांवर झरीचा शिक्का होता, आमचा नव्हता. म्हणजे ती गावात आली होती आणि वाटली गेली नव्हती. पोस्टाच्या माणसाला यापेक्षा मोठा गुन्हा नाही. निरीक्षकांनी एक कार्ड उजेडात धरून वाचलं, मग अण्णांकडं पाहिलं. मुंगीएवढी ती अक्षरं मला दारातूनही ओळखू आली.

मला त्या क्षणी काय काय वाटलं ते नीट सांगता येईल असं नाही. राग इतका होता की डोळ्यांपुढं काही दिसेना. गप्प राहिले असते तर अण्णांची नोकरी गेली असती, आणि एक क्षण, खरंच एक क्षण, ती जावी असं मला वाटलं. मग मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि पुढं झाले.

"माझी हायत ती," मी म्हणाले. "शिक्का मारायच्या आदीच मी थैल्यातून उचलली. मीच खनात ठिवली, लहान्या भावानं फाडू न्हाई म्हनून."

निरीक्षकांनी विचारलं, हे घो काय, उं काय. मी सांगितलं, घोडा, उंट. हा कसला गुप्त निरोप असेल अशी त्यांची समजूत झाली होती का, कोण जाणे. त्या दिवसांत होणं अवघड नव्हतं. त्यांनी मला चार-पाच प्रश्न विचारले, उंट कसा चालतो, शह कधी म्हणतात. ते स्वतः खेळणारे असावेत. मग त्यांनी कार्डं, चिठ्ठीसकट, अण्णांपुढं सरकवली आणि म्हणाले, मारा शिक्का, आजचा. अण्णांनी पहिला मारला तो उठलाच नाही. दुसरा मारावा लागला.

खरं काय ते निरीक्षकांनी ओळखलं होतं, याची मला आजही खात्री आहे. पण तपासणीच्या वहीत त्यांनी माझंच म्हणणं धरलं आणि शेरा लिहिला की टपालाच्या कामाला घरातल्या मुलांचा हात लागू देऊ नये. ते न जेवता गेले. त्या शेऱ्यानं माझी ओसरी गेली. थैला येताना मला माजघरातच बसावं लागायचं, आणि शिक्क्याचा आवाज मी तिथून ऐकायचे.

कार्डं आणि चिठ्ठी घेऊन मी कोठीजवळ गेले. पहिल्या कार्डात तिनं उंटानं माझ्या राजाला शह दिला होता. कडेला एक ओळ, 'तुमच्याकडं सगळे बरे आहात ना?' तिच्या गावात त्या आठवड्यात काय चाललं असेल, आणि ती मला विचारत होती.

दुसरं कार्ड लांब होतं. कडेबिडेला नाही, सरळ मधोमध लिहिलेलं. माझी चाल आली नाही, मी रागावले असेन तर तसं लिहावं. ते पंधरा दिवसांत गाव सोडणार होते. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. माझी चाल आली की उत्तरात ती नवा पत्ता कळवणार होती.

चिठ्ठी तिच्या गावच्या डाकपालांची होती, अण्णांच्या नावे. तारीख जूनची. अण्णांनी तेव्हाच थैल्यातून विचारणा केली होती आणि त्यांना तेव्हाच उत्तर मिळालं होतं. मुलगी खरी आहे, आता नववीत आहे, हुशार आहे. पुढं तिचं पूर्ण नाव, आडनावासकट, आणि 'वस्तीवरली' एवढा एक शब्द. म्हणजे पलीकडं कोण आहे हे त्यांना माझ्या आधीपासून माहीत होतं. ती बनावट नव्हती, कुणी मोठा माणूस नव्हता, माझ्यापेक्षा एक वर्षानं मोठी मुलगी होती. हे माहीत असून जुलैभर त्यांनी मला कार्डं दिली होती, आणि हे माहीत असूनच ऑगस्टात अडवली.

मी ती चिठ्ठी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "मला तिची भीती न्हवती," ते म्हणाले. "आपल्याच मानसांची व्हती. पोस्टमास्तरची पोरगी तिकडं कार्डं धाडतीय म्हनून पारावर बोलायलेत. उद्या दारात आले असते तर म्या काय केलं असतं?"

चार दिवस मायनं अण्णांचं ताट वाढलं, समोर ठेवलं आणि त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

मी त्याच दुपारी चाल लिहिली. शहाला घोडा आडवा घातला. खाली लिहिलं की तुझी कार्डं मला आज मिळाली, मी पळाले नाही, नवा पत्ता कळव, माझं मागचं कार्ड जाळून टाक. जाळून टाक असं मी लिहिलं आणि मग शाईनं गिरवून 'फाडून टाक' केलं. बाराव्या दिवशी ते कार्ड परत आलं. वर लाल पेनानं लिहिलं होतं, घेणारे गाव सोडून गेले. गुरुजींचीही बदली झाली होती, असं नंतर कळलं. अण्णांनी ते माजघरात आणून माझ्या हातात दिलं.

माझं आधीचं, रागाचं कार्ड मात्र परत आलं नाही. पोस्टाच्या घरात वाढलेल्या मुलीला त्याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. परत आलं नाही म्हणजे पोचलं. तिनं ते वाचलं. घरदार सोडून निघालेल्या त्या मुलीला माझ्याकडून शेवटचं गेलं ते एवढंच. तिचा चेहरा मला माहीत नाही, म्हणून ते वाचताना ती कशी दिसली असेल याची कल्पनाही मला धड करता येत नाही. मी कितीदा करून पाहिली आहे.

वर्षं गेली. मी डी.एड. करून परभणीला शिक्षिका झाले, लग्न झालं. कुठल्याही शिबिरात, कुठल्याही परीक्षेच्या केंद्रावर जिंतूर-चारठाण्याकडची कुणी बाई भेटली की मी तिला इकडचं तिकडचं विचारत डावापर्यंत यायचे. बुद्धिबळ येतं का तुम्हाला? बायका चमकून पाहायच्या. तिचं नाव चारचौघींसारखं होतं, त्या नावाच्या दोघी मला भेटल्याही. दोघींनाही डाव येत नव्हता. घरात मात्र तिचं नाव कुणी काढत नसे. अण्णा आणि मी एकमेकांशी चांगलं बोलायचो, शेतीचं, लेकरांचं, पावसाचं. फक्त तेवढं एक सोडून.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला मी माहेरी गेले होते. अण्णा निवृत्त झाले होते, पोस्ट गावातल्या दुसऱ्या घरी गेलं होतं, लाल पेटीही. विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा आम्ही तिघं चहा पीत होतो. वस्तीच्या बाजूनं हलगीचा आवाज यायला लागला. आमच्या गल्लीत शांतता होती. अण्णांनी बातमी पूर्ण ऐकली, रेडिओ बंद केला, आणि मला विचारलं, जवळ एखादं कोरं कार्ड आहे का. माझ्या पिशवीत होतं.

"तिला लिवू," ते म्हणाले, आणि त्यांनी तिचं नाव घेतलं.

सोळा वर्षांनी ते नाव आमच्या घरात ऐकू आलं. मी काही बोलायच्या आत अण्णांनी तिचं दुसरं कार्ड मला म्हणून दाखवलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, जिथं तिनं शाई पुसून पुन्हा लिहिलं होतं त्या शब्दासकट. मला एवढं आठवत नव्हतं. ती कार्डं माझ्या संसाराच्या धावपळीत कुठं गेली हेही मला सांगता आलं नसतं. मग ते म्हणाले, "तुजं ते रागाचं कार्ड पेटीत दिसलं व्हतं मला. म्या वाचलं. तिची दोन अडवली आन ते जाऊ दिलं. म्हनलं, आपसूक तुटंल. जे थांबवायचं ते धाडलं म्या."

हे मला माहीत नव्हतं. पेटी तेच उघडायचे, हे माहीत असून मी तिथपर्यंत कधी विचार केला नव्हता, किंवा करायचा टाळला होता. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मला रडू आलं, आणि ते कुणासाठी हे मला कळेना.

लिहिलं त्यांनी स्वतःच. दोन कार्डं मी अडवली, रागाचं कार्ड मी जाऊ दिलं, माझ्या मुलीनं डाव सोडला नव्हता. खाली लिहिता लिहिता थांबून म्हणाले, चाल सांग. मला चाल आठवेना. मी कोठीवरचा तो पट डोळ्यांपुढं आणायचा खूप प्रयत्न केला, काही म्हणता काही दिसेना. कप घेऊन आत गेलेली माय तिथूनच म्हणाली, "घोडा आडवा." अण्णांनी तसं लिहिलं.

पत्ता तोच, जुना, गुरुजींच्या मार्फत. मी कार्ड हातात घेऊन पाहिलं. पाठवणाऱ्याची जागा कोरी होती. उभा जन्म लोकांना ती जागा भरायला लावणारा माणूस. मी जरा रागानंच म्हणाले, आपला पत्ता राहिला.

"ऱ्हायला न्हाई," ते म्हणाले. "पत्ता टाकला तर वापस यील. वापस आलेलं मला बघवनार न्हाई."

मी म्हणाले, मग ती उत्तर कुठं देईल? त्यांनी सांगितलं की आपला पत्ता तिनं वीसदा लिहिलाय, तिला पाठ असेल. आणि ते उठून कार्ड टाकायला गेले.

अण्णा त्यानंतर सात वर्षं होते. थैला यायच्या वेळेला ते रोज त्या दुसऱ्या घरापुढून जायचे, घटकाभर थांबायचे आणि माघारी यायचे. नव्या डाकपालानं विचारलं, काही यायचं आहे का, तर म्हणायचे, न्हाई, सहज आलतो.